खर्चासह नामंजूर

"ऐका हो ऐका! किसन मांगाला कोर्टानं दंड केला हो! किसन मांगानं अन् त्याच्या लेकीनं पारावर माफी मागितली हो! पाटलाच्या इहिरीवर मांगवाड्यानं पाय ठिवायचा न्हाई हो! असा कोर्टाचा हुकूम हाय हो!"

ही दवंडी पिटणारा माणूस किसन मांगच होता. माझा बाप.

सकाळीच बानं पाचटाचा जाळ करून हलगी शेकली होती. कातडं तापून ताणल्याशिवाय आवाज निघत नाही. रोजच्यासारखंच त्यानं बोटानं टिचकी मारून पाहिलं, पुन्हा शेकलं, पुन्हा पाहिलं. कामात कसूर नाही. गावची दवंडी आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या. घरपट्टी भरा, लेकरांना डोस पाजायला आणा, अमक्याची म्हैस चुकली, जे सांगतील ते गावभर सांगायचं. दवंडीवाल्यानं पदरचं काही घालायचं नाही आणि सांगितलेलं काही गाळायचं नाही, असा रिवाज. म्हणून बानं स्वतःचं नावसुद्धा परक्याचं असल्यासारखं घेतलं. "मला दंड झाला" असं म्हणाला नाही. "किसन मांगाला" म्हणाला. प्रत्येक चौकात म्हणाला.

मी त्याच्या मागून चालत होते. पाटलानं बजावलं होतं, "लेकीलाबी संग घे. कोर्टात तीच पुढं हुती न्हवं?" एकोणीस वर्षांची होते मी. दहावी पास. आमच्या वाड्यातली पहिली. बाया दारात येऊन बघत होत्या, कोणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्याबरोबर शाळेत असलेली एक मुलगी उंबऱ्यात उभी होती. तिनं मला पाहिलं आणि पटकन आत गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मला त्या वेळी पाटलाचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला लाज वाटत होती, आणि तीही बापाची. त्याच्या वाकलेल्या पाठीची, त्याच्या खणखणीत आवाजाची. इतका चांगला आवाज कशाला लावतोस रे, असं मनात येत होतं. आज हे लिहितानासुद्धा कानाच्या पाळ्या गरम होतात.

झालं होतं ते असं.

आमचा जिल्हा नवा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलो. म्हणजे आम्ही होतो तिथंच होतो, पाटी बदलली. गावात गुलाल उधळला गेला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, हलगी अर्थात बाचीच होती. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, आता सरकार तुमच्या दारात आलं. सरकार दारात आलं की नाही कोण जाणे, दुष्काळ मात्र आला. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. आमच्या वाड्याजवळचा आड आटला. नदीच्या वाळूत झिरे उकरून माय घागरभर पाणी आणायची, त्यात अर्धी वाळू.

गावात एका विहिरीला पाणी होतं. ती मागच्या मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खणलेली. खणणारे कोण? बा, माय आणि आमच्या वाड्यातली निम्मी माणसं. मायच्या डाव्या पायाचं एक बोट नाही, ते त्याच कामावर दगडाखाली गेलं. जागा पाटलाची होती, ती त्यानं सरकारला लिहून दिली होती, असं सगळं गाव सांगायचं. पाणी लागेपर्यंत ती विहीर सरकारी होती. पाणी लागल्यावर पाटलाची झाली.

विहिरीवर आमच्या बाया कठड्यापासून लांब, उन्हात बसायच्या. "पाणी वाढा वं माय" म्हणायचं आणि वाट बघायची. कोणाला दया आली तर वरून धार धरायची, घागरीला घागर लागू न देता. चांगल्या दिवसांत दया येते. दुष्काळात प्रत्येकीला आपल्या घरची घागर दिसते. दुपार होऊन जायची आणि आमच्या बाया रिकाम्या परत यायच्या.

एका दुपारी मी विहिरीत दोर सोडला. तिथं कोणी नव्हतं. भूगोलाच्या, विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याची माहिती मी पाठ केली होती, पण हाताला जड लागणारं पाणी पहिल्यांदा ओढत होते. घागर वर आली आणि मागून पाटलाचा गडी आला. त्यानं घागर लाथाडली. मग पाटील स्वतः आला. अंगाला हात लावला नाही. शांतपणे म्हणाला, "चार बुकं शिकली म्हून इहीर बाटवतीस व्हय? हुबी हुतीस ती जागा सारवून दे, मग जा."

मी सारवली. शेण गड्यानं आणून टाकलं, पाणी त्याच विहिरीचं. दोन्ही हातांनी सारवली आणि घरी आले.

बाला घेऊन पोलीस चौकीवर गेले, तर जमादार म्हणाला, "गावातलं गावात मिटवा." तक्रार काही लिहून घेतली नाही. मग शाळेतल्या एका मास्तरांनी निलंग्याच्या एका वकिलाचं नाव सांगितलं. हा वकील तरुण, आमच्यासारख्याच घरातून आलेला. दुसऱ्याच्या ऑफिसात एक टेबल लावून बसायचा. काळा कोट उन्हानं तपकिरी पडलेला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फौजदारीचं पोलीस बघतील तेव्हा बघतील. आपण हक्काचा दावा लावू. विहीर सार्वजनिक आहे आणि तुम्हाला तिथं पाणी भरायचा हक्क आहे, एवढं कोर्टानं ठरवून द्यायचं."

बा तयार नव्हता. मीच मागं लागले. दोन दिवस जेवले नाही. शेवटी म्हणाला, "कर बाई तुझ्या मनासारखं." वादी क्रमांक एक बा, वादी क्रमांक दोन मी. बाचा अंगठा, माझी सही. ती सही करताना मला फार मोठं वाटलं होतं.

दावा म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, हे वकिलानं आधीच सांगितलं. तेवढे दिवस तहान थांबत नाही. म्हणून त्यानं दाव्याबरोबरच दोन अर्ज लावले. एक, दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाटलानं आम्हाला विहिरीवर अडवू नये असा तात्पुरता मनाई हुकूम द्यावा. दुसरा, कोर्टानं आपला माणूस पाठवून विहिरीची पाहणी करून घ्यावी. आमची सगळी आशा त्या दोन अर्जांवर होती. दावा काय असतो हे वाड्यात कोणाला ठाऊक नव्हतं. अर्ज मंजूर झाला की पाणी मिळेल, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

विहीर सरकारी पैशानं खणली याचा कागद लागणार होता. मी लातूरला गेले. नव्या कलेक्टर ऑफिसात पोत्यांचे ढीग लागलेले, त्यातली कित्येक तोंडसुद्धा न सोडलेली. कारकून म्हणाला, "जुनं दप्तर अजून उस्मानाबादेतच आहे." उस्मानाबादेला गेले तर तिथला म्हणाला, "तुमच्या तालुक्याचं सगळं लातूरला पाठवलं." नव्या जिल्ह्याचा आम्हाला एवढाच उपयोग झाला. एसटीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून मी वाळलेली रानं पाहिली आणि हात हलवत परत आले.

सुनावणीला पाटलानं लातूरचा मोठा वकील आणला. तो उभा राहिला आणि आमच्याकडे न बघता बोलला, "साहेब, हे अर्ज पाण्यासाठी नाहीत. एका प्रतिष्ठित माणसाला चारचौघांत खाली बघायला लावण्यासाठी आहेत. सातबारा माझ्या अशिलाच्या नावावर आहे. हे खर्चासह फेटाळावेत." आमचा वकील बोलला, चांगला बोलला, पण त्याच्या हातात कागद नव्हता. न्यायाधीशांनी थोडा वेळ लिहिलं आणि मान वर न करता सांगितलं, प्रथमदर्शनी पुरावा नाही, दोन्ही अर्ज खर्चासह नामंजूर, खर्च वादींनी प्रतिवादीला द्यावा.

प्रतिवादी म्हणजे पाटील. त्यानं आम्हाला पाणी भरू दिलं नाही, आणि पैसे आम्ही त्याला द्यायचे. मी पुन्हा पुन्हा मनात ते वाक्य फिरवून पाहिलं, कुठून तरी उलटं बसतंय का. तसंच होतं ते.

आमच्या वकिलाला तेवढ्यात दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला. कागद गोळा करता करता म्हणाला, "खर्च द्यावा लागेल. पुढची तारीख विचारून घ्या," आणि धावला. याच्यापुढं आम्हाला कोणी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंय असंच वाटलं नाही.

का वाटलं नाही, ते सांगते. आमच्या भावकीची पंचायत असते. दोन घरांत तंटा झाला की पंच बसतात, दोघांचं ऐकतात, फैसला करतात. जो खोटा ठरेल त्यानं दुसऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत पैसे ठेवायचे आणि "चुकलं" म्हणायचं. पैसे ठेवले की तंटा मेला. पुन्हा तो विषय काढायचा नाही. काढला तर वाळीत. बा स्वतः जन्मभर पंच म्हणून बसलेला माणूस. त्यानं कित्येकांना असे पैसे ठेवायला लावले होते, आणि नंतर दोघांना एका ताटात जेवायलाही बसवलं होतं. कोर्टानं पैसे ठेवा म्हटलं, म्हणजे आम्ही खोटे ठरलो आणि सगळं संपलं, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि मी? दहावीला नागरिकशास्त्रात चांगले मार्क होते मला. पण मीही लहानपणापासून तेच पाहिलेलं. मलाही तेच कळलं.

निलंग्याहून येताना एसटीत बा एकच वाक्य बोलला, "शेळी इकावी लागंल."

शेळी विकली. पैसे कोर्टात भरायचे असतात, हेही ठाऊक नव्हतं. आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही ते पाटलाला द्यायला पारावर गेलो. पाटलाला आमचा रिवाज चांगला माहीत होता. त्यानं आधीच माणसं जमवून ठेवली होती.

"ठिव तितं," तो म्हणाला.

बानं पाराच्या कडेला नोटा ठेवल्या आणि मागं सरकला. पाटलानं गड्याला खूण केली. गड्यानं तांब्या आणला आणि नोटांवर पाणी ओतलं, बाट काढायला. शिंतोडे नाही उडवले, तांब्याभर ओतलं. नोटा भिजल्या, पाणी पाराच्या दगडावरून खाली ओघळलं आणि भेगाळलेल्या मातीत जिरलं. मायनं त्या दिवशी पहाटे वाळूतून आणलेलं पाणी तेवढंच असेल. आमच्या पैशाला पाणी मिळालं. माझी नजर त्या ओल्या मातीवरून हलत नव्हती आणि मला तहान लागली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला अपमान दिसत नव्हता, पाणी दिसत होतं. याची सगळ्यात जास्त शरम वाटते.

"आता बोल."

"चुकलं मालक," बा म्हणाला.

"लेक मुकी हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बा बघत नव्हता. मी म्हटलं, "चुकलं."

तो शब्द मीच म्हटला. कोणी घशात हात घालून काढला नाही. मग पाटलानं दुसऱ्या दिवशीच्या दवंडीचा मजकूर सांगितला, बानं तो एकदा म्हणून दाखवला, आणि आम्ही घरी आलो.

दवंडीनंतर वाड्यातल्या बाया विहिरीकडे फिरकेनाशा झाल्या. आधी निदान वाट बघत बसता यायचं, आता तेही गेलं. कोर्टाचाच हुकूम म्हटल्यावर कोण बसणार? शेजारची एक म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, "शिकून काय दिवं लावलंस गं? हुतं तेबी घालवलंस." तिच्या घागरीत पाणी नव्हतं, हे खरंच होतं. बा कोणाशी बोलत नव्हता. भावकीत एक तंटा निघाला तेव्हा पंच म्हणून त्याला बोलावणं आलं नाही. त्यानंही विचारलं नाही. माय मला रोज जेवायला वाढायची आणि माझ्याकडे न बघता उठायची. मी घरातून बाहेर पडायची बंद झाले.

पण एक गोष्ट डोक्यात कुसळासारखी रुतून बसली. दवंडीत म्हटलं होतं, विहिरीवर पाय ठेवायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आहे. मी कोर्टात उभी होते. न्यायाधीशांच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. मग वाटायचं, इंग्रजी-मराठी भेसळ बोलतात, माझ्याच कानावरून गेलं असेल. अपमानानं माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वाससुद्धा जातो.

पुढच्या तारखेला पाटलानं आम्हाला आपल्या जीपमधून निलंग्याला नेलं. जन्मात पहिल्यांदा पाटलाच्या जीपमध्ये बसलो, मागच्या फळीवर. काम एवढंच होतं. गावात आपसात मिटलं, दावा काढून घेतो, असा कागद पाटलाच्या वकिलानं तयार ठेवला होता. त्यावर बाचा अंगठा आणि माझी सही. बाचा अंगठा कोर्टाच्या व्हरांड्यात पोचल्या पोचल्याच घेतला. माझी सही घेणार तेवढ्यात त्यांच्या वकिलाला आत बोलावणं आलं. "नंतर घेऊ, कुठं पळून जातीय," म्हणून तो आत गेला. मीही आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आमच्या आधी मोंढ्यातल्या एका आडत्याचं प्रकरण होतं. पांढरं धोतर, हातात अंगठ्या. त्याचा भाडेकरूशी वाद होता आणि त्यानंही कसलासा अर्ज लावला होता. न्यायाधीशांनी थोडं ऐकलं, लिहिलं आणि सांगितलं, "अर्ज खर्चासह नामंजूर. खर्च प्रतिवादीला द्यावा."

तेच शब्द. त्याच खुर्चीतून.

मी त्या आडत्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता याची मान खाली जाईल, असं मला वाटलं. त्यानं डबीतून सुपारी काढली, तोंडात टाकली आणि आपल्या वकिलाला विचारलं, "बरं, पुढची तारीख कवाची?" वकिलानं सांगितली. दोघं हसत बाहेर गेले. भाडेकरूचा वकील त्याला दारात म्हणाला, "चला शेटजी, चहा घेऊ," आणि तोही गेला. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही. संध्याकाळी मोंढ्यात दवंडी पिटली जाणार नव्हती.

आमचा वकील व्हरांड्यात कागद चाळत उभा होता, मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "सायेब, त्या शेटला माफी मागावी लागंल का?"

"कशाची माफी?"

"दंड झाला न्हवं त्येला."

वकिलानं कागद मिटले. आधी त्याला कळलं नाही. मग त्यानं एक एक विचारलं आणि मी सांगत गेले. पार, तांब्या, दवंडी. त्याचा चेहरा बदलत गेला. तो व्हरांड्यातल्या बाकावर खाली बसला आणि म्हणाला, "अहो, तो दंड नाही. अर्ज चालला नाही म्हणून समोरच्याचा त्या दिवसाचा खर्च द्यायचा, बास. रोज कोणाला ना कोणाला बसतो. खर्च दिला म्हणजे तुम्ही खोटे ठरलात असं नाही. दावा तसाच उभा आहे. साक्षी अजून व्हायच्यात."

"अन् इहिरीवर जायाचं न्हाई, असा हुकूम?"

"कोणी सांगितलं? कोर्टानं तुम्हाला मनाई केलेलीच नाही. पाटलाला मनाई करा असं आपण म्हणालो, त्याला आत्ता नाही म्हटलं, एवढंच." मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

त्याच्यावर चिडावं की नाही, मला कळेना. चिडायला वेळही नव्हता. तो शब्द माझ्या कानात वाजत होता. चुकलं. मी पारावर म्हटलेला. कशासाठी म्हटला मी तो? सुपारी चघळत बाहेर जाण्याएवढ्या गोष्टीसाठी माझ्या बापानं स्वतःच्या नावानं दवंडी पिटली. शेटसाठी जो चहाआधीचा विषय होता, त्यासाठी आमच्या बायांनी पाणी सोडलं. पाटलाला हे सगळं ठाऊक होतं. तो कितीदा कोर्टात आलेला माणूस. आमचा रिवाज घेऊन त्यानं आम्हालाच बांधलं होतं. आणि दोर आम्ही नेऊन दिला होता.

बा बाकाच्या टोकाला बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "बा, दावा मेलेला न्हाई."

"मी पारावर शबूद दिला हाय."

"खोटं सांगून घेतला त्यांनी."

"पर दिला न्हवं." तो जमिनीकडे बघत राहिला. भावकीचा पंच होता तो. शब्द फिरवणाऱ्यांना त्यानं आयुष्यभर वाळीत टाकलं होतं.

तेवढ्यात पुकारा झाला. पट्टेवाल्यानं आमची नावं दोनदा ओरडून घेतली. आत गेलो. पाटलाच्या वकिलानं कागद पुढं केला आणि हसत म्हणाला, "साहेब, गावात गोडीनं मिटलंय. खर्चही पोचला. वादी दावा काढून घेतायत. एकीची सही राहिलीय, आत्ता होईल." पाटील मागं हाताची घडी घालून उभा होता.

न्यायाधीशांनी बाला विचारलं, "किसन, दावा स्वखुशीनं काढून घेता का?"

बानं पाटलाकडे पाहिलं. मग हात जोडले.

"आणि तुम्ही?"

ही शौर्याची गोष्ट नाही. पाटलाची नजर मानेवर लागत होती. वाड्यातल्या बायांची तोंडंही दिसत होती, उद्या काही झालं तर त्यांनाच भोगावं लागणार. मी भिंतीकडे बघून बोलायला सुरुवात केली आणि मधेच न्यायाधीशांकडे बघितलं.

"न्हाई सायेब. मिटलेलं न्हाई. माझी सही न्हाई त्या कागदावर, अन् मी करनार न्हाई. आमाला सांगितलं, कोर्टानं दंड केला, इहिरीवर जाऊ नगा म्हनून हुकूम दिला. पारावर पैसं धुऊन घेतलं. माझ्या बापाला दवंडी पिटायला लावली."

पाटलाचा वकील काहीतरी बोलायला उठला, न्यायाधीशांनी हातानंच त्याला बसवलं. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "असा कोणताही हुकूम या कोर्टानं दिलेला नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण बाई, दावा चालवायचा तर पुरावा लागेल. पुढं आणखी अर्ज हरलात तर पुन्हा खर्च बसेल. समजतंय का?"

"समजतंय. बसू द्या. कोर्टात भरीन. पारावर न्हाई."

त्यांनी पुन्हा बाला विचारलं. त्याच्या दृष्टीनं तो त्या क्षणी शब्द मोडणारा माणूस होत होता, आणि त्याला त्याची किती लाज वाटत होती ते मला दिसत होतं. शेवटी पुटपुटला, "लेक म्हनती तसं." न्यायाधीशांनी कागद परत केला आणि साक्षीसाठी पुढची तारीख दिली.

बाहेर आलो. पाटील जीपजवळ थांबला होता. म्हणाला, "किश्या, जीपमदी जागा न्हाई आता. अन् गावात तरी कसं ऱ्हाता, बघू." बाचे हात सवयीनं पुन्हा जुळले. कपाळाकडे जायला लागले.

मी ते दोन्ही हात धरले आणि ओढून वेगळे केले. कोर्टाच्या आवारात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या बापाचे. एवढ्या जोरात की त्याच्या मनगटावर माझी नखं उमटली. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारील. मारलं नाही. पाटलाची जीप निघून गेली आणि धूळ आमच्या अंगावर बसली.

लाज गेली असं कोणी समजू नये. ती आजही आहे. रात्री कधी जाग आली की तो "चुकलं" ऐकू येतो, आणि मी अंथरुणात कूस बदलते. पारावरची मी आणि कोर्टातली मी एकच बाई आहे, हे मला विसरता येत नाही, आणि विसरायचंही नाही. पण त्या दिवशी निलंग्याच्या रस्त्यात, अंगावरची धूळसुद्धा न झटकता, मी बाला जे बोलले ते आजही माझ्या बाजूनं उभं आहे.

"बा, हितं कदाचित हरू. वरच्या कोर्टात जाऊ, तितंबी हरू. पैसं लागतील, राबून भरू. पर कोनासमोर, कशासाठी, पुन्हा एकदाबी चुकलं म्हनायचं न्हाई. तू चुकलं म्हनलास तर मी तुझ्याबी इरुद्ध साक्ष दीन."